सकाळी आठची गोळी

"गोळी घ्यायला विसरता का कधी?" श्रुतीनं कागदावरचा पहिला प्रश्न अनसूयाकडे बघून विचारला, आणि उत्तर विक्रमसिंहानं दिलं.

"बिलकुल नाही. मी आहे ना. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. घड्याळ चुकेल, मी नाही चुकणार."

दौलतगंजातलं पांडुरंगरावांचं औषधांचं दुकान समोरून दोन हात रुंद आणि आत बोळासारखं लांब. त्या बोळाच्या टोकाशी, सलाइनच्या खोक्यांना पाठ लावून श्रुती दर गुरुवारी स्टूल मांडून बसे. फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. जुनाट दुखण्याची माणसं औषध नेमानं घेतात की नाही, नसतील घेत तर का नाही, यावर सहा महिने तिचा प्रबंध चालला होता. साखरेची, दम्याची, मिरगीची अशी मिळून साठ माणसं तिनं धरली होती. त्यांतली सत्ताविसावी अनसूया.

"काकूंना सांगू द्या ना, काका. फॉर्म त्यांचा आहे."

"सांग ना," विक्रमसिंह बायकोकडे वळला. "मॅडम विचारून राहिल्यात. विसरतेस?"

आवाज मऊ होता, लोण्यात सुरी बुडावी तसा. अनसूयानं त्याच्या हाताकडे पाहिलं. हात मांडीवर निवांत पडला होता, फक्त अंगठा सदऱ्याखाली कमरेशी फिरत होता. तिथं करदोड्याला एक पितळी किल्ली बांधलेली होती.

"मी नाही विसरत," ती म्हणाली.

खोटं नव्हतं ते. बावीस वर्षांत एकदाही विसरली नव्हती. भुकेल्याला भाकरीचा विसर पडतो का?

श्रुतीनं खूण केली. मग विक्रमसिंहानं पिशवीतून रिकाम्या स्ट्रिपा काढून पुढ्यात ठेवल्या, एकावर एक, रबर लावून. श्रुतीनं त्या मोजल्या, उरलेल्या गोळ्या मोजल्या, आणि मान वर केली तेव्हा तिच्या डोळ्यांत कौतुक होतं.

"एकही मिस नाही, काका. साठ जणांत असे तुम्ही एकटेच." मग तिची नजर अनसूयाच्या हनुवटीवर गेली. तिथली खपली अजून ओली होती. "पण मग फिट का येतात? मतलब, गेल्या महिन्यात सहा. डॉक्टरांना मीच कळवलं, औषध तर पूर्ण जातंय. त्यांनी डोस वाढवला, तरी..."

"पडते," विक्रमसिंह म्हणाला. "पडलं की लागतंच. काय काय सांभाळायचं माणसानं?"

गल्ल्याशी बसलेल्या पांडुरंगरावांनी चष्म्यावरून एकदा तिघांकडे पाहिलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं औषध देत आलेला. गिऱ्हाइकाला खोकल्याची बाटली कागदात गुंडाळून दिली.

*

बिर्लानगरात मिलच्या कामगारांसाठी बांधलेल्या लायनीत त्यांचं घर. विक्रमसिंहाचा बाप मिलच्या फाटकावर दरबान होता. मिल बंद पडली, फाटक गंजलं, बाप गेला, घर उरलं. पणजोबा शिंद्यांच्या फौजेत शिलेदार होते म्हणतात. त्या शिलेदारीतलं आता विक्रमसिंहाच्या मिशा आणि आवाज एवढंच शिल्लक होतं, आणि दोन्ही तो एका सिक्युरिटी एजन्सीत बारा गार्डांवर वापरी. घरी आल्यावर एकीवर.

त्याची तक्रार एकच होती, आणि ती खरीही होती. अनसूयाच्या देवासच्या भावानं लग्नात तिच्या मिरगीची गोष्ट लपवली. मळवट भरला की दुखणं उतरतं, असं कुणी म्हातारी म्हणाली, आणि सगळ्यांनी ते सोयीनं खरं मानलं. लग्नाला सोळा दिवस झाले होते. सासूनं हळदीकुंकवाला पंधरा बायका बोलावल्या होत्या, आणि त्यांच्या मधोमध अनसूया हातातल्या अत्तरदाणीसकट कोसळली. शुद्धीवर आली तेव्हा तोंडात माती होती, नाकाखाली रक्त होतं. मिरगीला जोडा हुंगवावा म्हणतात. विक्रमसिंहानं पायातला काढून हुंगवला नव्हता, दाबला होता. टाचेच्या खिळ्याचा वण तिच्या वरच्या ओठावर अजून आहे.

"फसवून गळ्यात बांधली," तो त्या दिवशी म्हणाला. त्यानंतर त्यानं कधी हात उगारला नाही. उगारायची गरजच नव्हती. गोळ्या पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, पेटीला कुलूप, कुलपाची किल्ली करदोड्याला. आंघोळीलाही ती त्याच्या अंगावरून उतरत नसे. आमटीत मीठ जास्त पडलं, सकाळची गोळी नाही. माहेरच्या फोनवर चार शब्द जास्त बोलली, दोन दिवस नाही. मग तो पेपर वाचत वाट बघे. त्याला काही करावं लागत नसे. अनसूयाचं अंगच अनसूयाला उचलून आपटी, कधी मोरीच्या कठड्यावर, कधी उंबऱ्यावर, एकदा गॅसच्या पेटत्या शेगडीशी. जीभ चावली जाई, लुगडं ओलं होई. शेजारणी धावून येत, आणि तो दारात उभा राहून हात पसरून दाखवी.

"मी कुठं हात लावला? पडली ती."

दुखण्याला अनसूया पाहुणी म्हणे. यायच्या आधी ती खूण धाडी. जिभेवर तांब्याच्या पैशाची चव येई, डाव्या डोळ्याच्या कडेला मोराच्या पिसासारखं काही थरथरू लागे. मग चुलीपासून, पाण्यापासून, काचेपासून लांब सरकायला मिनिट-दोन मिनिटं मिळत. आईच्या जात्यावरच्या ओव्यांच्या चालीवर तिनं मनातल्या मनात दोन ओळी बांधल्या होत्या. दुसऱ्या कुणाला त्या ठाऊक नव्हत्या.

*पाहुणी आली बाई, आधी सांगावा धाडला,*
*माझ्या कायेचा गं तिनं पाट बसाया मांडला.*

त्या गुरुवारी दुकानातून घरी आल्यावर विक्रमसिंहानं जोडे काढले, पाणी प्यायला, आणि शांतपणे विचारलं, "'मी नाही विसरत.' असं का म्हणालीस?"

"तुम्हीच बोला म्हणालात."

"नुसतं 'नाही' म्हणता येत होतं. त्या पोरीला काय सुचवून राहिली होतीस?"

संध्याकाळची गोळी आली नाही. शुक्रवारची नाही, शनिवारची नाही. पण आठ वाजले की तो पेटी उघडी, स्ट्रिपेतून गोळी काढल्याचा चट् असा आवाज येई, आणि पेटी मिटे. पूर्वी गोळी द्यायची नसली की तो पेटी उघडतच नसे. श्रुतीचा अभ्यास सुरू झाल्यापासून ही नवी रीत होती. स्ट्रिप रिकामी दिसायला हवी ना. गोळी कुठं जाते ते अनसूयाला माहीत नव्हतं. नालीत जात असेल, असं ती धरून चालली होती.

रविवारी नळाशी पाहुणी आली. बादली उलटली, डोकं फरशीवर तीनदा आपटलं, खालचा एक दात निम्मा तुटून घशात गेला. ती डोळे उघडते तो नाकाशी जोडा होता.

*

मंगळवारी श्रुती स्कूटी घेऊन घरी आली. हातात निळ्या प्लास्टिकची डबी, सात कप्प्यांची, प्रत्येक कप्प्यावर वाराचं नाव.

"शनिवारी कॉलेजात प्रोग्राम आहे, काकू. घरच्यांनी औषध सांभाळलं तर काय होतं, त्यावर. आणि विक्रमकाकांचा सत्कार ठेवलाय. शाल-श्रीफळ. माझ्या सरांनाच आयडिया आवडली." तिनं आजूबाजूला पाहिलं. "काका कुठायत?"

"कोपऱ्यावर गेलेत. तुझ्यासाठी समोसे आणायला."

म्हणजे चार मिनिटं. अनसूयानं पोरीकडे पाहिलं. चोवीस-पंचवीसची, मनगटावर मोठं घड्याळ, कपाळावर टिकली नाही, डोळ्यांत कपट नाही. हिला सांगितलं तर ही आत्ताच्या आत्ता त्याला विचारेल, आणि मग संध्याकाळी निघून जाईल. आपण इथंच असू.

"श्रुती, तुझ्या त्या कागदावर प्रश्न किती गं?"

"चार. विसरता का, वेळ चुकते का, बरं वाटलं की बंद करता का, त्रास झाला की बंद करता का."

"एवढेच?"

"हो ना. स्टँडर्ड फॉर्म आहे. बाहेरून आलेला. आपल्याला बदलता नाही येत."

"आणि एखाद्याचं उत्तर त्या चारांत बसत नसलं तर?"

श्रुती हसली. "बसतंच, काकू. माणसं काय, चार कारणांनीच चुकतात."

बाहेर फाटक वाजलं. अनसूयानं ओठ मिटले. तुटक्या दाताची धार आतून ओठाला लागली.

सात कप्प्यांची डबी विक्रमसिंहाला फार आवडली. झाकणं उघडून-मिटून पाहिली, आणि श्रुतीची स्कूटी वळणाआड गेल्यावर तीही पेटीत गेली.

*

शनिवार उजाडला. बुधवारपासून तिच्या पोटात एक गोळी नव्हती. यावेळी कारणही सांगितलं नव्हतं, आणि तिनं विचारलं नव्हतं. सकाळी पावणेआठला तिनं त्याचा पांढरा सदरा इस्त्री केला, फेट्याची घडी काढून ठेवली. तो मोरीत गेला. आतून पाण्याचा आणि गुणगुणण्याचा आवाज येऊ लागला.

तेव्हा तिच्या जिभेवर तांबं उतरलं. अजून फिकं होतं, मोराचं पीस दिसत नव्हतं. पण आज तिला ठाऊक होतं, पाहुणी निघाली आहे. दुपारच्या आत येईल. तो मंचावर शाल पांघरेल तेव्हा ती स्वतः खुर्च्यांमध्ये फेस गाळत पडलेली असेल, आणि सगळं कॉलेज म्हणेल, बिचारा, किती करतो.

फळीवर खलबत्ता होता, आईनं देवासहून दिलेला, लोखंडी. तिनं बत्ता उचलला आणि पलंगाखालून पेटी ओढली.

पहिला घाव कुलपावर बसलाच नाही. पत्र्यावर बसला, आणि देवळातली घंटा हलावी तसा नाद घरभर घुमला. मोरीतलं गुणगुणणं थांबलं. दुसऱ्या घावाला कुलूप नुसतं जागीच उसळलं. तिसऱ्याला कडी वाकली.

"काय चाललंय?"

चौथ्याला कुलूप तुटून भिंतीवर आदळलं.

तो ओल्या पंच्यानिशी बाहेर आला होता. करदोड्याची किल्ली पोटावर लटकत, पाणी गाळत. क्षणभर त्याला कळलंच नाही काय पाहतो आहे. मग त्यानं तिची वेणी मनगटाला गुंडाळली आणि तिचं कपाळ पेटीच्या कडेवर आपटलं. एकदा. पुन्हा एकदा. भुवई फाटली, डोळ्यावर गरम पडदा उतरला. त्यानं तिला उताणं केलं, छातीवर गुडघा रोवला आणि उलट्या हातानं तोंडावर मारलं, मारतच राहिला. "कुलूप तोडतेस? माझ्या घरात माझं कुलूप तोडतेस?"

बावीस वर्षांत तो पहिल्यांदा स्वतःच्या हातानं मारत होता. आणि त्या माराखाली अनसूयाला, नवल असं, कुठंतरी मोकळं वाटलं. आजवरचा मार तिच्याच हाडांतून येई, त्याला नाव नव्हतं, जबाब विचारायला तोंड नव्हतं. या माराला तोंड होतं. मिशा होत्या. साबणाचा वास येत होता.

तो उठला आणि पेटीचं झाकण लावायला वाकला. डाव्या हाताची बोटं त्यानं कडेवर टेकली होती. अनसूयानं पडल्या पडल्याच बत्ता उचलला आणि खाली आणला.

सुपारी फुटावी तसा आवाज झाला.

तो ओरडला नाही. ओल्या फरशीवर बसला, हाताकडे बघत, जणू तो हात कुणी दुसऱ्याचा त्याच्या मांडीवर ठेवून गेला होता. मग त्याच्या घशातून एक लांब, बारीक सूर निघाला.

पेटीत निळी डबी होती, नव्या स्ट्रिपा होत्या, आणि कोपऱ्यात बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. डबा जड होता. तिनं झाकण काढलं. साबुदाणा भरून ठेवावा तशा आत सुट्या गोळ्या होत्या, पांढऱ्या, लहान. चट् चट् करून स्ट्रिपेतून काढलेल्या आणि तिला न दिलेल्या. औषध टाकवत नसेल त्याला, की आपलं राज्य कधी काढून बघावंसं वाटत असेल, कोण जाणे. सगळे दिवस इथं होते. नळाचा दिवस इथं होता. उंबऱ्याचा होता, शेगडीचाही.

एक गोळी उचलून तोंडात टाकायला किती वेळ? हात तिथवर गेलाही. पण तिनं तो मागं घेतला. मोजून झाल्याशिवाय यातली एकही कमी व्हायला नको होती.

*

ई-रिक्शावाल्यानं तिच्या कपाळाकडे पाहून विचारलं, "अस्पताल?" ती म्हणाली, "दौलतगंज."

पांडुरंगरावांचं दुकान नुकतंच उघडलं होतं. श्रुती आत फायली बांधत होती. बाजूच्या पिशवीतून टोपी बाजारातून आणलेली सोनेरी काठाची शाल आणि नारळाची शेंडी डोकावत होती. अनसूया आत आली आणि श्रुतीच्या हातातली फाइल खाली पडली.

"काकू, हे काय झालं? पडलात?"

"नाही," अनसूया म्हणाली. "आज पडले नाही." तिनं पदराखालून डबा काढून पुढ्यात ठेवला. "मोज."

"आधी कपाळाला—"

"आधी मोज. मला वेळ कमी आहे."

श्रुतीनं पांडुरंगरावांकडे पाहिलं. त्यांनी गोळ्या मोजायचा ट्रे तिच्याकडे सरकवला. तिनं डबा ओतला. पातळ पट्टीनं पाच-पाच गोळ्या ओढून ती बाजूला करू लागली. दुकानात तेवढाच आवाज होता. साठपाशी तिचा आकडा चुकला.

"परत मोज," अनसूया म्हणाली. ती काउंटरला धरून उभी होती. भुवईतून रक्ताचा थेंब काचेवर पडत होता, काचेखाली खोकल्याच्या गोळ्या मांडलेल्या होत्या.

"एकशे त्रेचाळीस," श्रुती म्हणाली. दिवसाला दोन, म्हणजे एकाहत्तर दिवस आणि वर एक सकाळ. अर्ध्या वर्षात. "काकू, मी विचारलं होतं ना तुम्हाला. दर महिन्याला विचारलं."

"तू विचारलंस, विसरता का." अनसूया तिच्यावर रागावली नव्हती. लहान पोरीला पाढा सांगावा तसं सांगत होती. "मिळाली का, हे कुठं विचारलंस?"

श्रुतीच्या पर्समधला फोन वाजू लागला. पडद्यावर 'विक्रमकाका' उमटलं. तिनं फोन पालथा घातला. तो काचेवर घरघरत फिरला आणि थांबला. ट्रेपुढं पोरीची मान खाली गेली ती वर येईना.

"मीच डॉक्टरांना सांगितलं, औषध पूर्ण जातंय," ती पुटपुटली. "मीच."

"रड नंतर," अनसूया म्हणाली. "आधी आकडा लिही. आजची तारीख घाल."

श्रुतीनं लिहिला. फॉर्मच्या चार प्रश्नांखाली कोरी जागा होती, तिथं, शाईच्या पेनानं.

पांडुरंगराव गल्ल्यावरून उठले होते. त्यांनी ट्रेतली एक गोळी तळहातावर घेतली, माठातून पेला भरला आणि दोन्ही तिच्यापुढं धरलं.

"एकच घ्या, ताई. राहिलेल्याची भरपाई एकदम नाही करायची." मग, तिनं गिळेपर्यंत थांबून, खाली बघत म्हणाले, "चाळीस वर्षं औषध देतोय मी. दिलं की माझं झालं, असं समजत होतो. तुमच्या हनुवटीकडे पाहिलं होतं मी."

अनसूयानं पेला उपडा ठेवला. "सकाळी आठला दुकान उघडतं?"

"साडेआठला. उद्यापासून आठला. घरी जाऊ नका. वर आमची मुलगी विजया आहे, खोली आहे. टाके घालायला दवाखान्यात मी येतो, आणि तिथून ठाण्यात."

"मीही त्याचा हात फोडलाय."

"तेही सांगू."

तिनं मान हलवली. मग एकाएकी हलायची थांबली. डाव्या डोळ्याच्या कडेला मोराचं पीस थरथरू लागलं होतं. तांबं आता घट्ट होतं, सगळ्या तोंडात. गोळी पोटात गेली होती, पण पाहुणी त्याआधीच वाटेला लागली होती.

"आता येईल मला," ती म्हणाली. "कुणी घाबरू नका. हातपाय दाबून धरू नका. आणि जोडा लावू नका."

"जोडा?" श्रुतीला कळलं नाही. मग कळलं. तिनं पिशवीतून सत्काराची शाल ओढली, चार घड्या करून सलाइनच्या खोक्यांपाशी जमिनीवर ठेवली. स्टूल लांब सारलं. हातातलं मोठं घड्याळ सोडून समोर धरलं. "पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी बोलवते, काकू. कुशीवर वळवेन. मी इथंच आहे."

अनसूयानं हातातल्या काचेच्या बांगड्या एकेक उतरवल्या आणि ट्रेमध्ये, गोळ्यांच्या शेजारी ठेवल्या. पदर नीट केला. मग आपणहून खाली बसली, एका हातानं जमीन चाचपली, आणि सोनेरी काठ गालाखाली घेऊन आडवी झाली.

पांडुरंगरावांनी शटर अर्ध्यावर ओढलं. परत येताना ते मधेच थांबले. पायातल्या चपला काढल्या, हातात घेतल्या, आणि दुकानाबाहेर, पार शेवटच्या पायरीखाली ठेवून आले.